खाणभूमीचे पुनःस्थापन

खनिज उत्खननामुळे उजाड वा दूषित झालेली भूमी पुन्हा उपयोगात आणण्याची विधिविहित कार्यपद्धती. महाराष्ट्रात तिच्या मर्यादा आंबोली (जि. सिंधुदुर्ग, उंची सु. ६९० मी.) व तिच्या पायथ्याकडील सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात विशेष स्पष्ट झाल्या. जिल्ह्यात रेडी येथे लोहखनिज, तर आंबोली परिसरातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर बॉक्साइट आढळते. सड्यावरील मातीचा थर अतिशय पातळ असून पाऊस प्रचंड पडतो. हिरण्यकेशी नदीचा उगमही येथेच आहे. त्यामुळे खरवडलेली माती वाहून जाते व मूळ वनस्पतिजीवन परत आणणे जवळजवळ अशक्य होते.

खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ चा मुख्य भर खाणपट्टे देण्याच्या नियमनावर होता. खनिज संधारण व विकास नियम, १९८८ नुसार वरची माती वेगळी साठविणे व खणलेल्या भूमीची पुनर्रचना करणे खाणधारकावर बंधनकारक झाले. तथापि त्यासाठी आर्थिक हमी नव्हती. २००३ मध्ये खाणबंदी आराखडा व दर हेक्टरी हमी रक्कम यांची तरतूद झाली. २०१७ च्या नियमांनी ही हमी मोठ्या यांत्रिक खाणींसाठी हेक्टरी ३ लाख व इतरांसाठी २ लाख रुपये केली. काम पूर्ण झाल्याचे प्रमाणित झाल्याशिवाय ती मोकळी होत नाही.

बिछरी (राजस्थान) येथील रासायनिक गाळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकावर टाकला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० नुसार पर्यावरणाच्या पुनःस्थापनासाठी ५ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. दूषित स्थळांविषयीच्या २०२५ च्या नियमांत संशयित स्थळांची नोंद, प्राथमिक तपासणी, सविस्तर सर्वेक्षण, जबाबदार व्यक्तीची निश्चिती व शुद्धीकरण असे टप्पे आहेत. मात्र खाणकामाने झालेले दूषण सामान्यतः त्यांतून वगळले आहे.

सिंधुदुर्गात पुनःस्थापनापेक्षा प्रतिबंधावर भर राहिला. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्र शासनाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाणींसह नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुऱ्या तात्पुरत्या स्थगित केल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अतिसंवेदनशील विभागांत नव्या खाणींस परवानगी नसावी, अशी शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोड रोखली आणि मार्च २०२४ मध्ये हा पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. हमी रकमेतून खड्डा बुजविता येतो. सड्यावरील माती मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही. या भागात उत्खननापूर्वीचा निर्णय म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.