जी नोंद ठेवलीच नाही, ती जप्त कशी होणार?

१/ फिनलंड, १९९३. योहान हेल्सिंगियस यांनी ‘पेनेट’ ही निनावी ईमेलची सेवा सुरू केली. पत्रावरील खरा पत्ता काढून तेथे एक क्रमांक लावला जाई. त्या क्रमांकावर आलेले उत्तर मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचवले जाई.

२/ उत्तराच्या या सोयीसाठी कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी ठेवणे भाग होते. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीनंतर फिनलंडच्या पोलिसांनी त्या यादीतील एका व्यक्तीचा पत्ता मिळवला. १९९६ मध्ये सेवा बंद झाली. कोणी कुलूप फोडले नव्हते. किल्ली जवळ असलेल्याकडूनच ती मागून घेतली गेली होती.

३/ अशी यादी कोणा एकाच्या हाती राहूच नये, हा २००२ मध्ये आलेल्या टोरचा मार्ग. संदेश तीन संगणकांमधून जातो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, शेवटच्याला मुक्काम, पूर्ण वाट कोणालाच नाही. मात्र तीच माहिती तीनदा वाहावी लागते. त्याची किंमत वापरणारे संथ गतीने, तर स्वयंसेवक आपल्या यंत्रांच्या खर्चाने मोजतात.

४/ व्हीपीएनमध्ये बहुधा एकच सर्व्हर मध्ये असतो. त्यामुळे वेग वाढतो, खर्च आटोक्यात राहतो. पण पेनेटचा प्रश्न परत येतो. मधल्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

५/ २००९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मुलवाडने नाव आणि ईमेल विचारणेच टाळले. फक्त एक खातेक्रमांक, महिना ५ युरो. हवे तर पाकिटातून रोख पाठवावी. याचीही किंमत होती. दरमहा आपोआप पैसे वळते करायचे तर देयकाचा तपशील जपावा लागतो, म्हणून २०२२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ती सोय बंद झाली. हमखास उत्पन्नाची वाट कंपनीने स्वतःहून सोडली.

६/ १८ एप्रिल २०२३ रोजी पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात आले. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नसल्याचे समजल्यावर ते रिकाम्या हाताने परतले.

७/ भारतात २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावे-पत्ते ५ वर्षे जपण्यास सांगितले. काही कंपन्यांनी येथील सर्व्हरच हलवले. पेनेटपासून आजवर प्रश्न तोच आहे: गुपित राखण्याचे वचन कोणीही देईल, ते मोडणे स्वतःलाही अशक्य व्हावे, यासाठी किती सोय आणि किती पैसा सोडायची तयारी आहे?