दोन द्रवणांकांचा पदार्थ

शब्द आधी की वस्तू आधी, हा वाद साहित्याच्या वर्गात नेहमीच रंगतो. विज्ञानाच्या इतिहासातील एका प्रसंगाने आम्हांला या वादाकडे नव्याने पाहायला लावले.

साल १८८८. प्राग येथील जर्मन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर गाजरातील कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. त्यापासून तयार केलेले कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले. पण तो द्रव गढूळच राहिला आणि १७८.५ अंशांना एकाएकी नितळ झाला. निवताना त्यात जांभळ्या-निळ्या छटा चमकून गेल्या. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक एकच असतो, ही तेव्हाची पक्की समजूत. स्वतःची चूक समजून नमुना टाकून देणे सोपे होते. रायनिट्झर यांनी तो आखेनच्या ओटो लेहमान यांच्याकडे पत्रासह धाडला.

लेहमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तो पदार्थ द्रवासारखा वाहत होता आणि प्रकाशाशी स्फटिकासारखा वागत होता. १८८९ मध्ये त्यांनी त्याला ‘वाहते स्फटिक’ म्हटले. काव्यात असा विरोधाभास अलंकार ठरतो. रसायनशास्त्रात तो अनेकांना प्रमाद वाटला. गुस्टाफ टामान यांच्या मते हे केवळ दोन द्रवांचे मिश्रण होते. पुढे १९२२ मध्ये जॉर्ज फ्रीडेल यांनी या मधल्या अवस्थांचे वर्गीकरण केले आणि त्यांतील एका वर्गाला कोलेस्टेरॉलवरूनच ‘कोलेस्टेरिक’ हे नाव मिळाले.

या वर्गातील रेणूंची दिशा थराथराला किंचित वळत जाते, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. त्या वळणाच्या लांबीवर परावर्तित होणारा रंग ठरतो आणि उष्णतेने ती लांबी बदलते. म्हणजे हा रंग रंगद्रव्याचा नव्हे, रचनेचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी त्याचा तापमान दाखवण्यासाठी उपयोग केला. कपाळावर लावून ताप पाहण्याची पट्टी, विद्युत्-मंडलातील तापलेली जागा शोधणारा लेप, १९७०च्या दशकातील रंग पालटणाऱ्या अंगठ्या, ही सारी त्याच गुणाची रूपे. संगणकाच्या पडद्यांत मात्र मुख्यतः याच कुळातील ‘नेमॅटिक’ भावंडे आली.

मग श्रेय कोणाचे, पाहणाऱ्याचे की नाव देणाऱ्याचे? १९०८ मध्ये रायनिट्झर यांना या शोधाचा इतिहास लिहून आपला वाटा नोंदवावा लागला. आम्ही शब्दांची माणसे, साहजिकच लेहमान यांच्याकडे झुकतो. परंतु नाव सापडण्यापूर्वी, कोणत्याही कप्प्यात न बसणारी वस्तू जपून ठेवणारा एक हात लागतो, याचा विसर पडू नये.