धुरातला कार्बन आणि विजेचं बिल : एका खर्चाचा इतिहास



कोळशाच्या विजेचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘कोळसा जाळा, पण धुरातला कार्बन पकडा.’ ऐकायला हे फार सोपं वाटतं. तंत्र आहे का? आहे, आणि चांगलं जुनं आहे. मग घोडं पेंड खातं कुठं? तर खर्चात. म्हणून आज आपण तंत्राचा नाही, तर खर्चाचा इतिहास पाहणार आहोत. या कामासाठी कोणी किती पैसे मोजले, कशासाठी मोजले, आणि अंदाज चुकले तेव्हा बिल कोणाच्या दारात गेलं, हे पाहू.

सुरुवात १९३० पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत आर. आर. बॉटम्स या रसायनतज्ज्ञाला एक पेटंट मिळालं. अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण घ्यायचं आणि त्यातून वायूंचं मिश्रण जाऊ द्यायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणाला चिकटतो, बाकीचे वायू पुढे निघून जातात. मग ते द्रावण तापवायचं, की पकडलेला वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा वापरता येतं. आजही वीज प्रकल्पांत मुख्यतः हीच पद्धत वापरतात. नैसर्गिक वायू शुद्ध करताना आणि खताच्या कारखान्यांत कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणं हे गेली कित्येक दशकं रोजचंच काम आहे. आपल्या अलिबागजवळच्या थळला युरिया बनतो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आल्याशिवाय युरिया होतच नाही.

मग खताच्या कारखान्यात जे परवडतं ते वीज प्रकल्पात का परवडत नाही? कारखान्यात तो वायू दाबाखाली असतो, त्याचं प्रमाण भरपूर असतं, आणि तो वेगळा काढणं हा मूळ प्रक्रियेचाच भाग असतो. कोळशाच्या धुराड्यातून जो धूर बाहेर पडतो त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण बारा ते चौदा टक्केच असतो. बाकी बहुतेक सगळा नायट्रोजन. गॅसवर चालणाऱ्या टर्बाइनच्या धुरात तर तो तीन-चार टक्क्यांवर येतो. दाब हवेइतकाच. म्हणजे प्रचंड मोठ्या ढिगातून थोडासा माल निवडायचा आहे. निवडणारं द्रावण पुन्हा तापवायला वाफ लागते, आणि ती वाफ येते कुठून? ज्या वाफेवर टर्बाइन फिरतं, तिच्यातूनच. मग पकडलेला वायू शंभराहून जास्त वातावरणांच्या दाबापर्यंत दाबायचा, त्यालाही वीज लागते. आयपीसीसीनं २००५ साली या विषयावर खास अहवाल काढला. नव्या कोळसा प्रकल्पात तेवढीच वीज मिळवायला २४ ते ४० टक्के जास्त इंधन जाळावं लागेल, असा त्यातला अंदाज होता.

इथं एक हिशेब नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत. समजा, एका प्रकल्पातून १०० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि १०० भाग वीज विकली जाते. आता यंत्रणा बसवली. ९० टन पकडले, १० टन सुटले. पण यंत्रणेनं स्वतःच २० भाग वीज खाल्ली. ती वीज दुसऱ्या कोळसा प्रकल्पातून आणली, तर तिथं २० टन सुटणार. म्हणजे आधी १०० टन हवेत जात होते, आता ३० जातात. पकडले ९०, पण खरोखर टळले ७०. या सगळ्याचा खर्च ६,३०० रुपये झाला असं धरलं, तर ‘पकडलेल्या’ टनामागे ७० रुपये पडतात आणि ‘टाळलेल्या’ टनामागे ९०. प्रकल्प तोच, खर्चही तोच, आकडे मात्र दोन. कोणत्याही जाहिरातीत यातला कोणता आकडा येईल, हे आपण ओळखू शकतो!

आता पुन्हा इतिहासाकडे. १९७२ साली टेक्सासमधल्या स्करी काउंटीत जुन्या तेलविहिरींत कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. हेतू हवामानाचा नव्हता, तेलाचा होता. थकलेल्या विहिरीत हा वायू दाबला की अडकून राहिलेलं तेल सुटं होऊन वर येतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण या वायूला पैसे देणारा पहिला मोठा गिऱ्हाईक तेलवालाच होता. १९९६ साली नॉर्वेनं समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रात वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू तळाखाली साठवायला सुरुवात केली. तिथं तेल काढायचं नव्हतं, पण १९९१ पासून कार्बनवर कर होता. हवेत सोडण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडलं. म्हणजे एकीकडे वायूला भाव होता, दुसरीकडे वायू सोडण्याला दंड होता. या दोन्हींपैकी काहीच नसेल तेव्हा काय होतं, ते वीज प्रकल्पांच्या कथेत दिसतं.

पहिला मोठा सरकारी प्रयत्न अमेरिकेचा होता, ‘फ्यूचरजेन’ नावाचा. २००३ साली घोषणा झाली, अंदाज साधारण एक अब्ज डॉलरचा. डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉयमधलं मॅटून हे गाव निवडलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, खर्च १.८ अब्जांवर गेला म्हणून ऊर्जा खात्यानं हात काढून घेतला. नंतर सरकारी लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की दोन आकड्यांची तुलनाच चुकीची होती. एका आकड्यात भाववाढ धरलेली होती, दुसऱ्यात नव्हती. पुढे २०१० मध्ये योजना नव्या रूपात आली आणि २०१५ मध्ये तीही गुंडाळली गेली. ब्रिटननं एक अब्ज पौंडांची स्पर्धा जाहीर केली, ती २०११ मध्ये फसली. दुसरी स्पर्धा २०१५ मध्ये सरकारनंच रद्द केली. नॉर्वेच्या पंतप्रधानांनी २००७ च्या नववर्षाच्या भाषणात मोंगस्टाडच्या प्रकल्पाची तुलना चंद्रावर उतरण्याशी केली होती. २०१३ मध्ये तोही पूर्ण प्रमाणावर उभारण्याचा बेत सोडून द्यावा लागला.

प्रत्यक्षात उभा राहिला तो कॅनडातला प्रकल्प. सॅस्कॅचवान प्रांतात एस्टेवान गावाजवळ बाउंडरी डॅम नावाचं लिग्नाइटवर चालणारं वीज केंद्र आहे. मालक सॅस्कपॉवर, म्हणजे प्रांताची सरकारी वीज कंपनी. तिथला संच क्रमांक ३ म्हातारा झाला होता. कॅनडाच्या केंद्र सरकारचे नियम येत होते की जुन्या कोळसा संचांनी एकतर गॅसच्या पातळीवर उत्सर्जन आणावं, नाहीतर बंद व्हावं. शेजारी कोळशाच्या खाणी, त्यावर पोट असलेलं गाव, आणि जवळच वेबर्नचं तेलक्षेत्र, जिथं वायूला गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये संच सुरू झाला. व्यापारी वीज प्रकल्पाच्या धुरातून एवढ्या मोठ्या प्रमाणावर कार्बन पकडणारा हा जगातला पहिलाच.

खर्च किती? सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर. त्यातले साधारण ८० कोटी पकडण्याच्या यंत्रणेचे, बाकीचे संचाच्या नूतनीकरणाचे. केंद्र सरकारचं अनुदान २४ कोटी. बाकीचा भार प्रांतावर, ज्याची लोकवस्ती अकरा-बारा लाख. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही कमी. आणि एवढं करून हाती आलेला संच साधारण ११५ मेगावॉटचा. आधी तो १३९ मेगावॉटचा होता. आपल्याकडे म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड, त्यातली ही गत.

सुरुवातीची वर्षं कठीण गेली. ठरलेला वायू वेळेवर देता आला नाही म्हणून वीज कंपनीलाच तेल कंपनीला दंड भरावा लागला. धुरातली बारीक राख द्रावणात मिसळून त्याची क्षमता घटत होती. २०२१ मध्ये वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर बिघडली आणि काही महिने पकड एकदम खाली आली. तरी २०२३ पर्यंत एकूण ५० लाख टन पकडले गेले. हे थोडं नाही, पण वर्षाला दहा लाख टन हे मूळ उद्दिष्ट होतं, त्याच्या बरंच मागे आहे. आणि सगळ्यात बोलका निर्णय आला जुलै २०१८ मध्ये. त्याच केंद्रातल्या संच ४ आणि ५ वर ही यंत्रणा बसवायची नाही, असं सॅस्कपॉवरनं ठरवलं. कारण सरळ होतं. नैसर्गिक वायू स्वस्त झाला होता.

पण त्याच वर्षी दुसरी बाजूही पुढे आली. शेजारच्याच शँड केंद्राचा अभ्यास झाला. पहिल्या संचावर आलेला अनुभव वापरला, तर टनामागचा भांडवली खर्च ६७ टक्क्यांनी उतरेल आणि टनाला सुमारे ४५ अमेरिकी डॉलर पडतील, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या यंत्राला शिकण्याची किंमत मोजावी लागते, दुसरं स्वस्त पडतं, हे तत्त्व खरंच आहे. अडचण एवढीच की शँडचं दुसरं यंत्र कागदावरच राहिलं. एकेक संच बांधून थांबलं, तर शिकलेलं वाया जातं.

दुसरं उदाहरण टेक्सासचं, ह्यूस्टनजवळचं पेट्रा नोव्हा. जानेवारी २०१७ मध्ये ते वेळेत आणि ठरलेल्या खर्चात सुरू झालं. सुमारे एक अब्ज डॉलर, त्यात सरकारचे जवळपास १९ कोटी. वाफेसाठी वेगळा गॅसवरचा संच बांधला, म्हणजे मुख्य संचाची वीज घटू नये. वायू १३० किलोमीटरच्या नळातून वेस्ट रँच तेलक्षेत्रात नेला. तिथलं उत्पादन दिवसाला तीनशे बॅरलवरून चार हजारांच्या आसपास गेलं. यंत्र चाललं, जरी पहिल्या तीन वर्षांत पकड ठरवल्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी पडली. पण सगळं गणित तेलाच्या भावावर टांगलेलं होतं. २०२० मध्ये करोनात तेल कोसळलं आणि मे महिन्यात यंत्रणा बंद झाली. कोळशाचा संच मात्र चालूच राहिला, धूर पुन्हा सरळ आकाशात. २०२२ मध्ये एका भागीदारानं आपला अर्धा वाटा अवघ्या ३६ लाख डॉलरला विकला. सप्टेंबर २०२३ मध्ये जपानी मालकानं ते पुन्हा सुरू केलं.

तिसरं मिसिसिपीतलं केंपर. इथं कोळशाचा आधी वायू करायचा आणि जाळण्यापूर्वीच कार्बन काढायचा, असा बेत होता. अंदाज अडीच अब्ज डॉलरच्या आतबाहेर होता, खर्च साडेसात अब्जांपर्यंत गेला. काम पूर्ण होण्यापूर्वीच ग्राहकांचे दर वाढवले गेले. अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक, आणि तिथल्या घरगुती बिलात न चाललेल्या यंत्राचा हप्ता! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ती दरवाढ बेकायदा ठरवली आणि पैसे परत करावे लागले. जून २०१७ मध्ये कोळशाचा भाग थांबवला, प्रकल्प साध्या नैसर्गिक वायूवर चालू लागला, आणि २०२१ मध्ये वायू बनवणारा भाग सुरुंग लावून पाडला. तोट्याचा मोठा भाग शेवटी भागधारकांनी सोसला. पण दरवाढीचे पैसे ग्राहकांना परत मिळाले नसते, जर कोणी न्यायालयात गेलं नसतं तर.

आता हा इतिहास आपल्या अंगणात आणून पाहू. एनटीपीसीनं २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात दिवसाला २० टन पकडणारी यंत्रणा सुरू केली. शिकण्यासाठी ती चांगलीच आहे. पण ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला, तर दिवसाला अकरा हजार टनांच्या आसपास वायू सोडतो. म्हणजे वीस टन हा त्या एका संचाचा तीन मिनिटांचा धूर. आपल्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आपण शँडच्या आशावादी आकड्याजवळ जाऊन, टाळलेल्या टनामागे ४,००० रुपये धरू. एका युनिटमागे साधारण ९०० ग्रॅम वायू सुटतो, मघाच्या हिशेबानं त्यातले ६३० ग्रॅम टळतात. म्हणजे युनिटमागे अडीच रुपये. वायू नेण्या-पुरण्याचा खर्च त्यात धरायचा की नाही, हे वेगळंच. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला अडीच रुपये म्हणजे काय, हे त्याला विचारा.

आणि वायू पुरायचा कुठं? टेक्साससारखं तेलक्षेत्र विदर्भात नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वॉलुला इथं २०१३ मध्ये बेसाल्टमध्ये सुमारे हजार टन वायू सोडला आणि दोन वर्षांत त्याचे खनिज होऊ लागल्याचे पुरावे मिळाले. ही आशेची गोष्ट आहे. पण हजार टन आणि दिवसाचे हजारो टन यांत फार अंतर आहे.

आपला स्वतःचा अलीकडचा अनुभवही विसरू नये. धुरातला गंधक काढण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला. मुदती वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. वादाचा एक मोठा मुद्दा खर्च आणि वीजदर हाच होता. कार्बन पकडणं त्याहून कितीतरी महाग.

मग हे सगळं व्यर्थच का? तसं म्हणता येणार नाही. सिमेंट आणि पोलादाच्या कारखान्यांत कार्बन नुसत्या इंधनातून येत नाही, प्रक्रियेतूनच सुटतो; तिथं दुसरे मार्ग कमी आहेत. विजेला मात्र पर्याय आहेत, आणि त्यांच्या किमती याच काळात उतरत गेल्या. कार्बन पकडण्याची स्पर्धा साध्या कोळशाशी नाही, ती सूर्य, वारा आणि बॅटरीशी आहे. बाउंडरी डॅमचे पुढचे संच तर स्वस्त गॅसनंच हरवले.

म्हणून उद्या एखाद्या प्रकल्पाचा आकडा आपल्यासमोर आला, तर आपण तीन गोष्टी विचारू. हा पकडलेल्या टनाचा खर्च आहे की टाळलेल्या? वायूला गिऱ्हाईक कोण, आणि त्याचा धंदा बसला तर काय? आणि यंत्र चाललं नाही, तर हप्ता कोण भरणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अभियंते आणि अर्थतज्ज्ञ देतील. तिसऱ्याचं उत्तर वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत ठरतं. ती सुनावणी जाहीर असते, आणि तिथं ग्राहकाला बोलता येतं. मिसिसिपीत ते उत्तर न्यायालयात मिळालं, तेही दरवाढ होऊन गेल्यावर. आपल्याला ते आधी विचारता येईल.

 आता प्रश्न घेऊ.