पांढरा कागद, निळा कागद

जपानी सुऱ्या जमवणारी दोन माणसं भेटली की लांबीआधी, किमतीआधी एक प्रश्न येतो : शिरोगामी की आओगामी? म्हणजे पांढरा कागद की निळा? नवख्याला वाटतं, वेष्टनाबद्दल बोलणं चाललंय. गंमत अशी की नावापुरतं ते वेष्टनाबद्दलच असतं. जपानच्या शिमाने प्रांतात यासुगी नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या दिसायला सारख्याच. जात ओळखू यावी म्हणून त्यांना वेगवेगळ्या रंगांचे कागद लावत. लोहारांच्या तोंडी कागदाचंच नाव बसलं, आणि आज त्या नावावर हजारो रुपये मोजले जातात.

पांढऱ्या कागदाचं पोलाद म्हणजे जवळजवळ नुसतं लोखंड आणि कर्ब. गंधक आणि फॉस्फरस होता होईल तेवढे कमी. ‘पांढरा २’ या जातीत कर्ब साधारण १.०५ ते १.१५ टक्के. याला धार चटकन आणि अतिशय बारीक लागते. पण पाणी देताना लोहाराची परीक्षा. भट्टीतल्या पात्याचा रंग थोडा इकडेतिकडे झाला की काम बिघडलं. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन मिसळतात. त्याची धार जास्त दिवस टिकते, दगडावर मात्र तो घाम काढतो. गंज दोघांनाही लागतो, कारण निळ्यातलं क्रोमियम गंज थोपवण्याइतकं नसतं. नव्या सुरीवर लिंबू कापलं आणि डाग पडला म्हणून हळहळणारे संग्राहक असतात. लोखंडी विळीवर कैरी चिरलेल्या कुठल्याही आजीला त्यात नवल वाटलं नसतं.

हा कारखाना यासुगीतच का निघाला? मागच्या डोंगरांतल्या लोहयुक्त वाळूमुळे. ही वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री आळीपाळीने टाकत राहायचं, मग भट्टीच फोडून आतला लोखंडाचा गोळा काढायचा, ही तातारा नावाची जुनी रीत. त्या गोळ्यातला निवडक, कर्बाने समृद्ध भाग म्हणजे तामाहागाने. मेजी काळात परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागलं आणि ताताराच्या भट्ट्या विझत गेल्या. यासुगीत १८९९ साली कंपनी उभी राहिली ती त्या पडझडीतून. पुढे तिथेच जुन्या पोलादाची शुद्धता आधुनिक भट्टीत आणायचा प्रयत्न झाला, आणि कागदी नावांची पोलादं ही त्याचीच संतती.

चांगलं पोलाद इतक्या कष्टाने मिळायचं, तेव्हा अख्खी सुरी त्याची करणार कोण? म्हणून मऊ लोखंडाच्या पात्यावर पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून जोडायची. धार पोलादाची, अंग लोखंडाचं. दगडावर घासल्यावर मऊ लोखंड मंद, धुरकट दिसतं आणि पोलाद लखलखतं. या धुरकटपणाला ‘कासुमी’, म्हणजे धुकं, म्हणतात. संग्राहक ज्या धुक्यावर भाळतात, ती मुळात काटकसर आहे. एकसंध पोलादाच्या ‘होन्याकी’ सुऱ्याही घडवतात. पण पाणी देताना त्यांतल्या कित्येक तडकतात, आणि त्यांची किंमत त्या तडकलेल्या भावंडांसकट लावलेली असते.

विक्रेते मात्र काटकसर सांगत नाहीत, सामुराईची तलवार सांगतात. ते अगदीच खोटं नाही. १८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि अनेक तलवारकार घरगुती हत्यारांकडे वळले. पण ओसाकाजवळच्या साकाई शहराची वंशावळ वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते. तिथल्या सुरीची आजी तंबाखू कापायची. १६व्या शतकात पोर्तुगीजांमागोमाग बंदूक आली, तंबाखूही आली. साकाईच्या लोहारांनी बंदुका केल्याच, शिवाय तंबाखूची पानं केसासारखी बारीक चिरणाऱ्या सुऱ्याही केल्या. त्या इतक्या नावाजल्या की एदोच्या सत्तेने त्यांवर ‘साकाई किवामे’ असा दर्जाचा शिक्का मारायला लावला. १९०४ साली तंबाखूची निर्मिती सरकारने स्वतःच्या हाती घेतली, तोवर साकाईचे हात स्वयंपाकघरात रुळलेले होते. मासळीचं डोकं उडवणारी जाड ‘देबा’ एदो काळातलीच. तिच्या लोहाराचे दात पुढे होते, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. देबा म्हणजे पुढे आलेले दात!

मग आलं गोमांस. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. ती सर्वत्र पाळली गेली असं नव्हे, पण गोमांस ताटातून दूरच राहिलं. १८७२ मध्ये मेजी सम्राटाने ते खाल्ल्याची वार्ता झाली आणि ‘ग्यूतो’ला, म्हणजे गोमांसाच्या सुरीला, दिवस आले. आकार युरोपचा, धार दोन्ही बाजूंनी. ग्यूतो आणि भाजीची चौकोनी सुरी यांचा संसार जमला आणि मांस, मासळी, भाजी या तिन्हींना चालणारी ‘सान्तोकू’ जन्मली.

हाताने घडवलेली सुरी म्हटलं की एकच म्हातारा लोहार डोळ्यांसमोर येतो. साकाईत तसं नसतं. एक जण घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो, आणि पात्यावर कोरलेलं नाव बहुधा सुरी विकणाऱ्या पेढीचं असतं. संग्राहकाला घडवणाऱ्याचं नाव शोधावं लागतं, धार लावणाऱ्याचं तर क्वचितच सापडतं.

नाव टिकलं ते एका आचाऱ्याचं. सुरीला जपानीत ‘होचो’ म्हणतात, आणि तो शब्द चीनमधल्या झ्वांगझीच्या ग्रंथातल्या पाओ डिंग या आचाऱ्यावरून आलेला आहे. हा राजासमोर बैल असा कापायचा की सुरी हाडाला लागतच नसे, सांध्यांमधल्या पोकळीतून फिरायची. एकोणीस वर्षं वापरूनही ती सुरी नुकतीच दगडावरून उतरल्यासारखी होती. कुठल्या पोलादाची होती, हे मात्र झ्वांगझीने लिहिलेलं नाही.