जालन्याचा माल आणणारी परदेशी जहाजे : सुरक्षित आहेत की नाहीत, हे तपासते कोण?

जालन्यापासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तरीही इथल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांमध्ये वितळणारे भंगार अनेकदा समुद्रमार्गेच आलेले असते. परदेशातून कंटेनरमध्ये भरलेले हे भंगार उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा, म्हणजे जेएनपीए बंदरात उतरते, तिथून जालन्याला येते आणि त्याची सळई बनते. अशाच मालासाठी जेएनपीएने जालन्याजवळ ड्राय पोर्टचा प्रकल्प हाती घेतला. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले.

ड्राय पोर्ट हे नावाने बंदर असले तरी तिथे पाणी नसते आणि जहाजही येत नाही. कंटेनरची चढउतार, साठवणूक आणि कस्टमची कागदपत्रे एवढेच काम तिथे चालते. म्हणजे जालन्यात फार तर डब्यातला माल तपासला जातो. तो डबा ज्या जहाजावरून आला ते जहाज धड होते का, त्याच्या लाइफबोटी चालत होत्या का, खलाशांना झोप मिळत होती का, हे पाहण्याची जागा किनाऱ्यावरच. या तपासणीला ‘पोर्ट स्टेट कंट्रोल’ म्हणतात.

बंदर तपासणी करते का?

अनेकांचा इथे गोंधळ होतो. बंदर प्राधिकरण जहाजाला धक्का, पायलट आणि टग देते. सुरक्षेची तपासणी मात्र केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या हाताखालील मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचे सर्व्हेअर करतात. महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईतच आहे. हे सर्व्हेअर बहुधा स्वतः कधीकाळी जहाजावर कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर म्हणून काम केलेले असतात. त्यामुळे इंजिन रूममध्ये ताजा रंग कुठे आणि कशासाठी मारला आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही.

परदेशी जहाजात भारताने का डोकावायचे?

जहाजाचा मालक एका देशातला, नोंदणी दुसऱ्या देशात, खलाशी तिसऱ्या-चौथ्या देशांतले आणि माल भलत्याचाच, ही आज समुद्रावरची नेहमीची गोष्ट आहे. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स या देशांच्या झेंड्याखाली हजारो जहाजे चालतात. नियमाप्रमाणे जहाज सुरक्षित ठेवून घेण्याची पहिली जबाबदारी झेंड्याच्या देशाची. पण काही जहाजे त्या देशाच्या बंदरात वर्षानुवर्षे फिरकतही नाहीत.

मार्च १९७८ मध्ये लायबेरियाचा झेंडा असलेला ‘अमोको कॅडीझ’ हा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आपटला आणि दोन लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. युरोपातल्या देशांनी त्यानंतर ठरवले की आपल्या बंदरात येणारे जहाज आपणच तपासायचे. १९८२ मध्ये त्यांचा पॅरिस करार झाला. हिंदी महासागरातल्या देशांचा असाच करार १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया इथे झाला आणि एप्रिल १९९९ पासून लागू झाला. त्याचे सचिवालय आपल्या शेजारी गोव्यात आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

या करारांतले एक तत्त्व महत्त्वाचे आहे. एखाद्या देशाने आंतरराष्ट्रीय करारावर सही केली नसली, तरी त्याच्या जहाजाला बंदरात सवलत मिळत नाही. सगळ्यांना एकच माप.

सर्व्हेअर जहाजावर चढल्यावर काय होते?

प्रत्येक जहाज तपासले जात नाही, ते शक्यही नाही. वय, प्रकार, झेंड्याच्या देशाचा लौकिक आणि आधीच्या तपासणीत निघालेल्या त्रुटी पाहून निवड होते. एकदा तपासलेल्या जहाजाला सर्वसाधारणपणे काही महिने पुन्हा त्रास दिला जात नाही. पण खलाशाने तक्रार केली, तर हा हिशेब बाजूला पडतो. तक्रारदाराचे नाव कॅप्टनला सांगितले जात नाही.

सुरुवात कागदांपासून होते : सुरक्षा उपकरणांचे, भाररेषेचे, प्रदूषण प्रतिबंधाचे दाखले आणि अधिकाऱ्यांची पात्रता प्रमाणपत्रे. मग एक फेरी. जहाजाच्या कुशीवर रंगवलेली भाररेषा पाण्याखाली गेली असेल, तर माल जास्त भरला आहे हे धक्क्यावरूनच कळते. डेकवरचा गंज, झाकणांची रबरे, स्वयंपाकघर आणि शीतगृहही पाहिले जाते. इथपर्यंत सगळे ठीक असेल, तर सर्व्हेअर अहवाल देऊन उतरतो.

संशयाला ठोस जागा मिळाली, तर मात्र तपासणी खोलवर जाते. लाइफबोटीचे इंजिन सुरू करून दाखवा, आपत्कालीन अग्निपंप चालवा, असे सांगितले जाते. वीज गेल्यावर आपत्कालीन जनरेटरने ४५ सेकंदांत भार घ्यायला हवा, तो घेतो का हे पाहतात. आगीचा भोंगा वाजवून खलाशांकडून कवायत करून घेतात. यात जहाजाची खरी परीक्षा होते, कारण कागद रंगवता येतो, पण होजपाइप कुठे जोडायचा हे माहीत नसलेला खलाशी लपवता येत नाही.

इंजिन रूममध्ये तेलकट पाणी वेगळे करणारे यंत्र पाहतात. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त नको. हे यंत्र टाळून तेल थेट समुद्रात सोडणारी चोरटी नळी काही जहाजांवर सापडते. दर्यावर्दी तिला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात.

विश्रांतीच्या नोंदीही तपासतात. प्रत्येक २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हा नियम आहे. सगळ्यांच्या नोंदी महिनाभर अगदी सारख्या, सुबक अक्षरात असतील तर सर्व्हेअरची भुवई उंचावते. मग त्या नोंदी जहाजाच्या लॉगबुकाशी ताडून पाहिल्या जातात. मध्यरात्री जहाज धक्क्याला लागले असेल आणि सगळे खलाशी कागदावर झोपलेले असतील, तर खोटेपणा उघड होतो.

त्रुटी सापडली तर?

प्रत्येक त्रुटीपुढे एक आकडा लिहिला जातो. १० म्हणजे दुरुस्त झाली, १६ म्हणजे १४ दिवसांत करा, १७ म्हणजे निघण्यापूर्वी करा. आणि ३० म्हणजे जहाज रोखले. रोखलेले जहाज दुरुस्ती होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत बंदर सोडू शकत नाही. रोजचा खर्च मालकाच्या अंगावर आणि नाव साऱ्या हिंदी महासागरातल्या बंदरांच्या संगणकावर. विनाकारण रोखले, असे वाटले तर मालकाला दाद मागता येते आणि भरपाईही मागता येते.

न्यायालयाने जहाज ‘अटक’ करणे ही वेगळी बाब आहे. ती पैशांच्या दाव्यासाठी असते. रोखण्याचा हा आदेश सुरक्षेसाठी असतो.

तरीही जहाजे का बुडतात?

ही व्यवस्था बंदरात येणाऱ्या जहाजापुरतीच चालते, ही तिची मोठी मर्यादा. २०११ च्या पावसाळ्यात मुंबईने ते पाहिले. जूनमध्ये तोडण्यासाठी अलंगला ओढून नेले जाणारे ‘विस्डम’ दोर तुटून जुहूला लागले. जुलैअखेरीस खलाशांनी अरबी समुद्रात सोडून दिलेला ‘पवित’ हा टँकर वाहत वाहत त्याच जुहू किनाऱ्यावर आला. ऑगस्टमध्ये इंडोनेशियाहून दहेजला कोळसा नेणारे ‘राक कॅरिअर’ मुंबईसमोर बुडाले. २०१२ मध्ये सरकारने नियम केला, की भारतीय बंदरात शिरणाऱ्या परदेशी जहाजाकडे सागरी दाव्यांसाठीचा विमा हवाच. पण ‘पवित’ तर बंदरात शिरलाच नव्हता.

तपासणी हा एका दिवसाचा फोटो असतो, ही दुसरी मर्यादा. २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ १९९७ मध्ये बांधलेले, लायबेरियाच्या झेंड्याचे जहाज होते. त्यावर ६४० कंटेनर होते. २४ खलाशी वाचले, डबे केरळच्या किनाऱ्यावर वाहत आले. पंधरवड्यात, ९ जूनला, ‘वान हाय ५०३’ या सिंगापूरच्या जहाजाला केरळपासून दूर समुद्रात आग लागली. ते कोलंबोहून न्हावा शेवालाच येत होते. २२ पैकी चार खलाशी बेपत्ता झाले.

अशा वेळी माल मागवणाऱ्याचेही नुकसान फक्त आपल्या डब्यापुरते राहत नाही. जहाज वाचवण्यासाठी कुणाचा माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च झाला, तर तो तोटा सर्व मालधारकांत वाटला जातो. हा समुद्री व्यापारातला जुना नियम आहे, त्याला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. ज्याचा डबा सुखरूप उतरला, त्यालाही आपला वाटा भरल्याशिवाय किंवा हमी दिल्याशिवाय तो मिळत नाही. मालाचा सागरी विमा असेल तर हा भार विमा कंपनी उचलते, नसेल तर खिशातून.

जहाजाची पूर्वपीठिका पाहणे आता अवघड राहिलेले नाही. बिल ऑफ लेडिंगवर जहाजाचे नाव असते. त्या नावावरून सात आकडी आयएमओ क्रमांक शोधता येतो. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला, झेंडा बदलला, तरी हा क्रमांक भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून हा क्रमांक टाकला, की जहाजाचे वय, आधीची नावे, कुठल्या बंदरात तपासणी झाली, किती त्रुटी निघाल्या आणि कधी रोखले गेले, हे दिसते.