मधातली फळं आणि उरलेला मध

मधात मुरवलेल्या आवळ्यांची बरणी हल्ली बऱ्याच घरांत असते. आवळे संपतात आणि तळाशी पातळ, आंबटगोड मध उरतो. त्याचं करायचं काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण रोमन लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता.

कोलुमेला हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला लेखक, मूळचा स्पेनमधल्या कादिझचा. शेतीवर त्याने १२ भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटच्या भागात चक्क साठवणीचे पदार्थ आहेत! त्यात क्विन्स मधात मुरवायची कृती आहे. क्विन्स म्हणजे सफरचंद-नासपतीच्या नात्यातलं पिवळं फळ, नुसतं खायला टणक आणि तुरट. कोलुमेला बजावतो, फळं पिकलेलीच घ्या. कच्ची घेतलीत तर मधात इतकी कडक होतील की उपयोग शून्य. पण मला आवडलं ते पुढचंच. फळाचा रस उतरलेला तो मध फेकायचा नाही. त्याला वेगळं नावच आहे, 'मेलोमेली'. तापकऱ्याला जेवणाबरोबर द्यायचं पेय. म्हणजे एका बरणीत दोन पदार्थ!

यामागे साधं शास्त्र आहे. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, त्यामुळे तो जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. फळातलंही ओढतो आणि स्वतः पातळ होत जातो. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टला रान मोकळं, मध आंबायला लागतो. ज्या गुणामुळे फळ टिकतं, त्याच गुणामुळे मध नाजूक होतो. बरणी भरतानाच ती कशी संपवायची हे ठरवावं लागतं, ते यासाठी.

पुढे साखर आली, मध मागे पडला, नाव मात्र राहिलं. ग्रीक 'मेलिमेलोन' म्हणजे मध-सफरचंद. लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये येताना त्याचं 'मार्मेलो' झालं, म्हणजे क्विन्स. ते साखरेत आटवलं की मार्मेलादा, आणि त्यावरूनच ब्रेडवरचा आपला मार्मालेड. गोव्यात क्विन्स कुठून मिळणार? तिथे पेरू आटवला गेला. गोव्याचं पेराड याच घराण्यातलं.

असो. आवळ्यांचा उरलेला मध मी आता बाटलीत गाळून फ्रीजमध्ये ठेवतो आणि पंधरवड्यात संपवतो. कोमट पाणी, थोडं आलं, चिमूटभर मीठ. ताप असो वा नसो!