पृष्ठभागात साठवलेला दाब: शॉट पीनिंगच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यातली प्रत्येक व्हॉल्व्ह स्प्रिंग तासाला ९०,००० वेळा दबते. एकाही वेळी ती मोडेल एवढा भार तिच्यावर येत नाही, तरीही एक दिवस ती तुटते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर यांनी प्रशियातील रेल्वेच्या आसांवर केला. थकव्याची भेग बहुधा पृष्ठभागावरच सुरू होते: हत्याराच्या ओरखड्यात, खाचेत, आकार एकदम बदलतो त्या कोपऱ्यात.

शॉट पीनिंगचे काम नेमके तिथेच चालते. कठीण, गोल छर्र्यांचा मारा बसला की वरचा थर आडवा पसरू पाहतो. खालचा धातू त्याला पसरू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर कायम दाबाखाली राहतो. त्याची खोली बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असते; पण भेग उघडायला ताण लागतो, आणि बाहेरून येणाऱ्या ताणाला आधी हा दाब फेडावा लागतो. पोलाद तेच, आकार तोच, तरी आयुष्य वाढते. मला या विद्येचे सर्वांत मोठे आकर्षण हेच वाटते.

कारखान्यात नव्याने आलेले अनेकजण पीनिंगला सफाईच्या शॉट ब्लास्टिंगचाच प्रकार समजतात. सफाई डोळ्यांनी तपासता येते, साठलेला दाब दिसत नाही. म्हणून जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यांची पट्टी महत्त्वाची. स्प्रिंगच्या पोलादाची ७६ मिमी लांब, १९ मिमी रुंद पट्टी ठोकळ्यावर आवळायची, एका बाजूने मारा करायचा आणि सोडवल्यावर तिचा बाक मोजायचा. ज्या वेळेनंतर मारा दुप्पट वेळ चालवूनही बाक १० टक्क्यांनीच वाढतो, त्या वेळेचा बाक म्हणजे माऱ्याची तीव्रता. मात्र पट्टी माऱ्याबद्दल बोलते, तुमच्या गिअरमधील दाबाबद्दल नाही. तो क्ष-किरण विवर्तनानेच तपासावा.

मारा जास्त झाला तर पृष्ठभाग खरबरीत होतो, दुमडतो आणि त्या दुमडींतूनच नव्या भेगा निघतात. भाग तापला तर दाब ओसरतो. शिवाय वरच्या दाबाचा तोल सांभाळायला आत ताण निर्माण होतो. पातळ भागांत तो दुर्लक्षून चालत नाही. म्हणून तीव्रतेचे तक्ते पाठ करण्याआधी एका भागातील दाब पृष्ठभागापासून आत कसा बदलतो, याचा आलेख स्वतःच्या हाताने काढा.